कुंकवाचे गाव : केम

कुंकवाचा करंडा नाही असे घर आपल्या वाचकांत क्वचितच असेल. परंतु त्यातील कुंकू कोठून आले, असा प्रश्न घरच्या वडीलधाऱ्यांसही सहसा पडत नाही. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव म्हणजे या प्रश्नाचे एक ठळक उत्तर होय.

भीमा व सीना या नद्यांमधला हा मुलूख पर्जन्यछायेत मोडतो. शेतकऱ्याची सारी भिस्त रब्बीच्या ज्वारीवर. परतीच्या पावसाने ओल दिली तर शाळू तरतो. न दिली तर कडब्यासही महाग व्हावे लागते. १८७६-७७ व १८९६-९७ चे दुष्काळ या जिल्ह्याने भोगले. १९७२ चा तर पुष्कळांच्या अद्याप स्मरणात आहे. केवळ काळ्या आईच्या भरवशावर येथे गाव नांदणे कठीणच.

केमला दुसरा आधार मिळाला तो कुंकवाचा. नवल असे की, हळद हे पाण्याचे पीक. कोरडवाहू रानाशी त्याचे जमत नाही. म्हणजे माल परगावचा, गिऱ्हाईकही परगावचे; गावाचे स्वतःचे ते कसब आणि कष्ट. त्यास आगगाडीची जोड मिळाली. पुण्याकडून आलेला लोहमार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला. त्यावर जेऊर व कुर्डुवाडी यांच्या दरम्यान केमचे स्थानक आहे.

जुन्या रीतीने हळकुंडे लिंबाच्या रसात टाकणखार घालून मुरवीत, सावलीत वाळवीत व मग कुटून वस्त्रगाळ करीत. पिवळ्या हळदीस लाली चढे ती या संयोगाने. आता स्वस्त कुंकवात पिठी व कृत्रिम रंग यांचा वापर वाढला आहे. तेव्हा घेणाऱ्याने पारखून घ्यावे, हे उत्तम.

गावचे दैवत श्रीउत्तरेश्वर. महाशिवरात्रीस त्याच्या दर्शनास पंचक्रोशी लोटते. शेतकरी, मजूर, व्यापारी सारे एकाच मंडपाखाली येतात.

याच करमाळा तालुक्यातून आणखी एक विचार निघाला, तो आपल्या घरांनी मनावर घेण्याजोगा आहे. पतिनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसण्याची चाल बंद व्हावी, म्हणून करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाने चळवळ मांडली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने तसा ठराव केला, आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून तो कित्ता इतरांपुढे ठेवला.

एखाद्या कष्टकरी विधवेने दिवसभर कुंकू चाळावे, तिचे हात मनगटापर्यंत लाल व्हावेत, आणि कपाळ मात्र रिते राहावे, हा न्याय कोणता? ठराव ग्रामपंचायतीत होतात. त्यांचा अंमल माजघरात व्हावयाचा असतो. येत्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास घरातील विधवा काकू, आत्या यांना सन्मानाने पाटावर बसवावे. करंडा त्यांच्यापुढे करण्याचा मान घरातील वडील सुवासिनीने घ्यावा. म्हणजे इतरांचा संकोच आपोआप सरेल.