एका बेटावर दोन बिशप

लोअर परळहून दादरकडे येताना गोखले रोडवर ‘पोर्तुगीज चर्च’ लागतं. मुंबईकराच्या लेखी हा मुख्यतः पत्ता आहे: बसचा थांबा, भेटायची जागा, टॅक्सीवाल्याला सांगायची खूण. चर्चचं खरं नाव ‘अवर लेडी ऑफ साल्व्हेशन’, जुन्या लोकांच्या तोंडी ‘साल्वासांव’. फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी 1596 मध्ये त्याची स्थापना केली. पण आज जी वास्तू उभी आहे तिच्यात पोर्तुगीज म्हणावं असं जवळजवळ काहीच नाही. ती 1974 ते 1977 या काळात चार्ल्स कोरिया यांनी बांधली. काँक्रीटची शंकूसारखी वर चढत जाणारी छपरं, त्यांच्यामध्ये आकाशाला उघडी अंगणं, झाकलेली आणि मोकळी जागा एकमेकींत गुंतलेली. लांबट दालन आणि त्याच्या पार टोकाला वेदी, ही जुन्या चर्चची ठेवण इथे मोडली आहे. वास्तुकलेचे विद्यार्थी ही इमारत कौतुकाने बघतात. परंपरावादी कॅथलिकाला मात्र तिच्यात गेल्या साठ वर्षांतल्या एका मोठ्या भांडणाचा पुरावा दिसतो. हे भांडण युरोप-अमेरिकेतलं, आपल्याकडे त्याचा काय संबंध, असं बहुतेकांना वाटतं. माझं म्हणणं उलट आहे. परंपरावाद्यांचं कुठे बरोबर आहे आणि कुठे चुकतं, हे मुंबई-गोव्याच्या इतिहासातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं रोमच्या कागदपत्रांतूनही दिसत नाही.

आधी भांडण काय ते समजून घेऊ. 1962 ते 1965 या काळात जगभरचे बिशप रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेसाठी जमत होते. परिषदेनंतर कॅथलिकांच्या उपासनेचा चेहरा बदलला. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होई, धर्मगुरू आणि लोक एकाच दिशेला, वेदीकडे तोंड करून उभे राहत, आणि मुख्य प्रार्थना धर्मगुरू हलक्या आवाजात म्हणत. पोप सहावे पॉल यांनी 1969 मध्ये नवा मिस्साग्रंथ लागू केला. मिस्सा लोकभाषेत आली, धर्मगुरू लोकांकडे वळला, वेदी पुढे सरकली. त्यासोबत आणखी दोन गोष्टी आल्या: इतर धर्मांतही सत्याचे किरण आहेत हे मान्य करणारी भूमिका, आणि धर्मस्वातंत्र्याचा स्वीकार. परंपरावाद्यांचा आक्षेप या तिन्हींवर आहे. त्यांच्या मते मिस्सा हे मुळात बलिदान आहे. नव्या मांडणीत ते मेजाभोवतीचं सहभोजन होऊन बसलं. सगळ्याच धर्मांना मान द्यायचा तर धर्मप्रसार कशासाठी, हा त्यांचा दुसरा सवाल. या मंडळींत सगळे एका माळेचे मणी नाहीत. कुणाला फक्त जुनी मिस्सा हवी असते, कुणी परिषदेच्या काही निर्णयांवर शंका घेतं, आणि परिषदेनंतरचे पोपच खरे पोप नव्हते असं मानणारा एक अगदी छोटा कडवा गटही आहे. या सगळ्यांना एकाच काठीने हाकणं हा टीकाकारांचा आळस आहे.

त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा परिषदेच्याच दस्तऐवजात आहे. डिसेंबर 1963 मध्ये मंजूर झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात लॅटिनचा वापर कायम ठेवावा असं लिहिलं आहे; लोकभाषेला जागा वाढवून द्यायची मुभा आहे. ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान द्यावं, असंही त्यात आहे. धर्मगुरूने लोकांकडे तोंड करावं, असं त्यात कुठेही नाही. म्हणजे बिशपांनी मत दिलं एका गोष्टीला आणि चर्चमध्ये घडली दुसरीच, हा आरोप हवेतला नाही. यावर नेहमीचं उत्तर असं की लॅटिन कुणाला कळत होतं? पण उपासनेत शब्दार्थ कळणं हीच एक कसोटी नसते, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. सत्यनारायणाला गुरुजी संस्कृत मंत्र म्हणतात, यजमानाला त्यातलं अर्धंही कळत नाही, आणि म्हणून पूजा रद्द करा असं कुणी म्हणत नाही. न कळणाऱ्या भाषेलाही एक वजन असतं, आणि ते काढून घेताना किमान विचारावं तरी, ही अपेक्षा गैर नाही.

इथवर परंपरावाद्यांशी माझं जमतं. पुढे ते म्हणतात की ही परंपरा शतकानुशतकं एकच होती आणि 1969 मध्ये ती पहिल्यांदा तुटली. हे मात्र आपल्याकडच्या इतिहासात बसत नाही. जुन्या मिस्सेचा आधार म्हणून ते पोप पाचवे पायस यांच्या 1570 च्या आज्ञापत्राकडे बोट दाखवतात. त्याला अर्धशतक होण्याआधीच, 1616 मध्ये, गोव्यातल्या रायतूरच्या गुरुकुलात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. ते मराठीत, ओवी छंदात, पुराणाच्या बाजात होतं. त्याच सुमारास मदुराईत रॉबर्ट द नोबिली हा इटालियन जेजुइट संन्याशाच्या वेषात राहत होता आणि धर्मांतरित ब्राह्मणांना जानवं, शेंडी, चंदन ठेवू देत होता. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्याला कडाडून विरोध केला, 1619 मध्ये गोव्यात धर्मगुरूंची परिषद बसली. निकाल लागला 1623 मध्ये: पंधरावे ग्रेगरी या पोपनी द नोबिलीला परवानगी दिली. पुढे 1744 मध्ये चौदाव्या बेनेडिक्टनी दक्षिणेतल्या ‘मलबार रीतीं’वर, म्हणजे अशाच सवलतींवर, कडक निर्बंध घातले. मधल्या काळात, 1684 मध्ये, गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिका असा हुकूम काढला होता. आता यातली परंपरा कुठली? ओवी की हुकूम? दोन्ही चर्चच्याच सावलीत झालं. ‘आमच्या पूर्वजांची श्रद्धा’ म्हणून जे सांगितलं जातं ते अनेकदा एका विशिष्ट शतकाच्या विशिष्ट पक्षाचं म्हणणं असतं.

भारतीय परंपरावाद्यांचा राग मात्र लॅटिन गेल्याचा कमी आणि आरती आल्याचा जास्त आहे. 1964 च्या अखेरीस मुंबईत ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखारिस्त महोत्सव भरला आणि सहावे पॉल त्यासाठी आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. इतर धर्मीयांसमोरच्या भाषणात त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातल्या प्रार्थनेचा आधार घेतला. वर्षभराच्या आत परिषदेने इतर धर्मांविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. एप्रिल 1969 मध्ये रोमने भारतीय बिशपांच्या बारा सूचनांना मान्यता दिली: पादत्राणं काढून जमिनीवर बसणं, गुडघा टेकण्याऐवजी अंजली किंवा पंचांग प्रणाम, मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे, वेदीवर कापडाऐवजी ताट, अर्पणाच्या वेळी आरती. बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्रात डी. एस. अमलोरपवदास यांच्या नेतृत्वाखाली याहून पुढचे प्रयोग झाले. 1975 मध्ये त्यांतल्या काहींना रोमनेच लगाम घातला. मद्रासचे व्हिक्टर कुलांदै यांनी ‘द पेगनायझेशन ऑफ द चर्च इन इंडिया’ या पुस्तकात या सगळ्याला चर्चचं मूर्तिपूजकीकरण म्हटलं, आणि ते नाव परंपरावाद्यांच्या ओठांवर बसलं.

मला हा आरोप अतिशयोक्त वाटतो. दिवा, फूल, धूप यांना धर्म नसतो. रोमन चर्चने स्वतःही धूप आणि दिवे आधीच्या जगाकडूनच घेतले. पण याच आक्षेपाची दुसरी बाजू दलित ख्रिस्ती विचारवंतांनी मांडली, आणि ती झटकून टाकता येत नाही. त्यांनी विचारलं, भारतीय म्हणजे कोणाचं? आश्रम, संस्कृत, ‘ओम्’, उत्तरीय हे ज्यांच्या पूर्वजांना नाकारलं गेलं होतं, ते या साऱ्यातून सुटण्यासाठीच चर्चमध्ये आले होते. त्यांच्यावर तेच परत लादणं हे भारतीयीकरण की ब्राह्मणीकरण? परंपरावादी आणि दलित धर्मचिंतक यांचं एरवी कशावर एकमत होणं कठीण, पण इथे दोघांची तक्रार एकच निघते: बदल वरून आला, तज्ज्ञांच्या केंद्रातून आला, बाकांवर बसणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. उलट जिथे लोकांनी स्वतः काही उचललं तिथे ते टिकलं. वसईत मराठी मिस्सा, मराठी गाणी, ‘सुवार्ता’ मासिक रुजलं. त्या मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले आणि बायबल सोप्या मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. शहरी चर्चमध्ये समई सर्रास दिसते. रविवारच्या मिस्सेला जमिनीवर बसलेला धर्मग्राम मात्र शोधावा लागेल.

आता सगळ्यांत अवघड मुद्दा. परंपरेचं नाव घेऊन पोपची आज्ञा मोडता येते का? फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्हर यांनी 1970 मध्ये संत दहावे पायस यांच्या नावाचा धर्मगुरूंचा संघ काढला, आणि 30 जून 1988 रोजी स्वित्झर्लंडमधल्या एकोन इथे पोपची परवानगी नसताना चार बिशपांना दीक्षा दिली. लगेच बहिष्कृतीची घोषणा झाली. त्या चौघांवरची बहिष्कृती 2009 मध्ये उठवली गेली. युरोपात याकडे अघटित म्हणून पाहिलं गेलं. मुंबईच्या कॅथलिकांसाठी ही जुनीच गोष्ट होती. इंग्रजांनी 1720 मध्ये पोर्तुगीज पाद्र्यांवरच्या अविश्वासापोटी त्यांना बेटाबाहेर काढलं आणि इटालियन कार्मेलाइट आणले. शतकाच्या अखेरीस तडजोड म्हणून चर्चेस वाटली गेली: काही गोव्याच्या आर्चबिशपकडे, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या ‘पाद्रोआदो’ हक्काखाली, काही थेट रोमच्या ‘प्रोपगांदा’ खात्याकडे. 1838 मध्ये सोळावे ग्रेगरी यांनी गोव्याचा इथला अधिकार काढून घेतला, तेव्हा गोव्याच्या बाजूच्या धर्मगुरूंनी तो मानला नाही. त्यांचा युक्तिवाद ओळखीचा वाटेल: आमचे हक्क जुन्या पोपांनी दिलेले आहेत, नवा पोप ते एकतर्फी काढू शकत नाही, आणि हा आदेश खरा कशावरून? 1853 मध्ये तर माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये प्रोपगांदाचे बिशप अनास्तासियस हार्टमन आपल्या माणसांसह आत ठाण मांडून बसले आणि बाहेर त्यांच्या विरोधी पक्षाने वेढा घातला. पंधरवडाभर हा प्रकार चालला. शेवटी सरकारने मध्ये पडून दार उघडायला लावलं आणि चर्च पाद्रोआदोच्या हाती गेलं. त्याच वर्षी नववे पायस यांनी गोव्याच्या बाजूचा कडक निषेध केला. (हार्टमन यांच्या पुढाकाराने 1850 मध्ये निघालेलं ‘द एक्झामिनर’ हे साप्ताहिक अजून मुंबईत निघतं, भांडणाला वर्तमानपत्र लागतं हे तेव्हाही ठाऊक होतं.)

इथे एक गंमत लक्षात घ्यावी. माहीमला पोपच्या बाजूने उभे होते ते परदेशी मिशनरी, आणि पोपला न जुमानणारे होते ते जुन्या वहिवाटीला चिकटलेले स्थानिक भक्त. आज्ञाधारक कोण आणि परंपरावादी कोण, या दोन प्रश्नांची उत्तरं तिथे वेगवेगळी येतात. मुंबईच्या आर्चबिशपपदावरूनही हेच दिसतं. 1937 ते 1950 त्या पदावर असलेले इंग्रज जेजुइट थॉमस रॉबर्ट्स यांनी 1964 मध्ये संततिनियमनाविषयीच्या चर्चच्या शिकवणीवर जाहीर शंका घेतली. चार वर्षांनी सहावे पॉल यांनी ती शिकवण कायम ठेवली. म्हणजे ज्या पोपच्या मिस्सेला परंपरावादी नाकं मुरडतात, त्याच पोपच्या 1968 च्या पत्राचे ते सर्वांत निष्ठावंत वाचक आहेत. आणि मिस्सेच्या बाबतीत आज्ञापालनाची आठवण करून देणारे पुरोगामी त्या पत्रावर गप्प बसतात. समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याविषयीच्या डिसेंबर 2023 च्या व्हॅटिकन दस्तऐवजानंतर हाच खेळ पुन्हा झाला, फक्त बाजू बदलून. आज्ञापालन दोघांनाही सोयीपुरतं हवं असतं.

परंपरावाद्यांना जागा दिली तर एकी मोडेल, हा त्यांच्या विरोधातला शेवटचा आक्षेप, आणि तो गंभीर आहे. सोळाव्या बेनेडिक्टनी 2007 मध्ये जुन्या मिस्सेला मोकळीक दिली; पोप फ्रान्सिस यांनी 16 जुलै 2021 ला ती आवळली, कारण तिचा वापर परिषदच नाकारण्यासाठी होतो आहे असं त्यांचं मत झालं होतं. काही ठिकाणी तसं झालंही असेल. पण मुंबईचा अनुभव पाहा. निषेध, वेढे आणि बहिष्कार यांनी इथलं भांडण पन्नास वर्षांत मिटलं नाही. 1886 मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांनी करार केला आणि दोन्ही अधिकार कायदेशीर मानले. बेटावर दोन बिशपांची सत्ता झाली, एक मुंबईचा आर्चबिशप आणि दुसरा दमणचा बिशप. कुटुंब कुठे राहतं यावर त्याचा धर्मग्राम ठरत नसे, ते कुठल्या बाजूचं यावर ठरे; एकाच आळीतली दोन शेजारी घरं दोन बिशपांच्या हाताखाली असत. कागदावर ही व्यवस्था हास्यास्पद होती, खर्चीकही होती. पण तिच्यात कुणाला बंडखोर ठरवावं लागत नव्हतं. बेचाळीस वर्षांनी, 1928 मध्ये, दमणच्या बिशपचा बेटावरचा अधिकार मुंबईच्या आर्चबिशपकडे गेला, तोही एक पोर्तुगीज आणि एक ब्रिटिश असे आळीपाळीने आर्चबिशप नेमायचे या अटीवर. अट 1950 पर्यंत टिकली. त्या वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, आणि ते पाद्रोआदोचे की प्रोपगांदाचे हा प्रश्न उरला नव्हता.