फोटो हलला!

आमच्या घरी फोटो हलणे हा गुन्हा मानला जाई. अण्णांकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एके काळी मध्यमवर्गीय घरांतून हमखास दिसणारा, काळा, पेटीसारखा. एका रोलात फोटो निघायचे १२. रोल घ्या, धुऊन आणा, मग प्रती काढा, असा तिहेरी खर्च. अण्णा गणिताचे मास्तर. एक फोटो हलला म्हणजे किती पैसे पाण्यात गेले, हे ते तोंडी सांगत. त्यामुळे फोटोच्या वेळी त्यांचा हुकूम सुटे, "श्वास रोखा!" आणि आम्ही भावंडे गाल फुगवून पुतळ्यांसारखी उभी राहत असू.

वाया गेलेले फोटोही अण्णांनी कधी टाकले नाहीत. ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जात. आई गेल्यानंतर कपाट आवरताना तो डबा माझ्या हाती लागला. त्यात एक फोटो असा, की मी फरशीवर बसूनच राहिले. कुंडलिकेच्या घाटाच्या पायरीवर आई उभी आहे, आणि तिच्या अंगावरून, पदरातून, केसांतून फुललेल्या काटेसावरीच्या फांद्या गेल्या आहेत. त्या कॅमेऱ्यात रोल पुढे सरकवायची चावी आणि फोटो घेण्याची कळ यांचा एकमेकींशी संबंध नसे. चावी फिरवायला विसरले, की एकाच जागी दोन फोटो उमटत. मागे अण्णांच्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने एकच शब्द होता : 'वाया'.

आमचे गाव अष्टमी. वाचकांपैकी अनेकांनी दिव्याहून रोह्याची गाडी पकडली असेल. पण अष्टमी म्हटल्यावर त्यांना तिथीच आठवेल. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे, समोरच्या तीरावर अष्टमी. नगरपरिषदेच्या नावात मात्र दोन्ही गावे जोडीने नांदतात. मी मुंबईला कॉलेजात मराठी शिकवते आणि आई गेल्यापासून बहुतेक शनिवारी अण्णांकडे येते. रविवारी पहाटे दोन तास रानात फिरून यायचे, आणि काय काय पाहिले ते चहाबरोबर अण्णांना सांगायचे, हा आमचा नेम. कॅमेरा त्यासाठीच घेतला. सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे, असे वाटले होते.

पण तसे झाले नाही. अण्णांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होऊ लागली. या दुखण्यात माणूस आंधळा होत नाही. पण ज्याच्याकडे रोखून पाहावे, नेमके त्याच जागी धूसर डाग पडतो. कडेचे दिसते, समोरचे हरवते. चेहरे ओळखू येत नाहीत, चालण्यावरून माणूस ओळखावा लागतो. मी मोठ्या हौसेने पानापानाची शीर मोजता येईल असे स्वच्छ फोटो काढून आणले, मोठे करून त्यांच्यापुढे धरले. अण्णा बराच वेळ मान वळवून पाहत राहिले. मग म्हणाले, "अगं, यात सगळं असेल. पण मला काहीच दिसत नाही."

त्या दिवशी मी पहिल्यांदा मुद्दाम फोटो हलवला.

त्याची रीत सांगते, कारण ती कुणालाही जमण्यासारखी आहे. एरवी शटर सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या भागापुरते उघडते. ते पाव किंवा अर्धा सेकंद उघडे राहील असे करायचे. प्रकाश जास्त होऊ नये म्हणून भिंग आतून बारीक करायचे, म्हणजे आकडा १६ च्या आसपास ठेवायचा, संवेदनक्षमता १००, आणि वेळ सूर्योदयापूर्वीची किंवा तिन्हीसांजेची. हल्ली बऱ्याच मोबाइलमध्येही ही सोय असते. मग शटर उघडे असेतो कॅमेरा एका दमात हलवायचा. उभी खोडे असतील तर खालून वर, भाताचे पसरलेले खाचर असेल तर आडवा. सागाच्या रोपवनासमोर मी हा प्रयोग केला, तेव्हा पाने, काटक्या, मागचे विजेचे खांब, सारा पसारा पुसला गेला. उरल्या त्या तपकिरी उभ्या रेघा आणि त्यांतून झिरपणारा हिरवा उजेड. मात्र वीस फोटोंत एखादाच साधतो. बाकीचे खरोखरीच हललेले असतात!

हा काही माझा शोध नव्हे. एर्न्स्ट हास या ऑस्ट्रियात जन्मलेल्या छायाचित्रकाराने १९५० च्या दशकात स्पेनमधल्या बैलांच्या झुंजी अशाच मंद शटरवर टिपल्या होत्या, आणि त्या पुसट रंगांतून झुंजीचा वेग दाखवला होता. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, अमेरिकेत आल्फ्रेड स्टीग्लिट्झ नुसत्या ढगांचे फोटो काढीत राहिला. जमीन नाही, झाड नाही; फक्त ढग आणि त्यांतून आपल्या मनाची अवस्था. आपली मुंबईही मागे नव्हती. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जगापुढे आली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीदेखील. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्यात होते.

पण प्रयोग म्हटला की त्याबरोबर थिल्लरपणाही येतो. एका रविवारी मी साध्या सूर्यास्ताला मोबाइलवर जांभळा रंग चढवला, नदीत एक चंद्र बसवला आणि फुशारकीने अण्णांना दाखवला. त्यांनी तो डोळ्यांच्या कडेने पाहिला आणि खाली ठेवला. "हे अष्टमीचं नाही," ते म्हणाले, "हे कुठलंही असेल." गणिताच्या पेपरावर लाल शाईची फुली पडावी, तसे मला झाले. पण त्या एका वाक्याने मला कसोटी मिळाली. फोटो हलवा, उलटा करा, एकावर एक दहा फोटो चढवा. ज्याने ती वाट पायांनी तुडवली आहे त्याला ती ओळखू आली पाहिजे. ओळख पटली तर तो प्रयोग, नाही तर नुसती करामत.

ही कसोटी लावायची, तर आधी वाट मलाच नीट ओळखू यायला हवी होती. मग मी एकच वाट धरली. घाटावरून निघून शेतांच्या बांधांनी टेकडीच्या पायथ्याशी जायचे आणि त्याच वाटेने परत. जूनच्या आरंभी काजवे, श्रावणात झुडपांवर चढलेली कळलावीची लाल-पिवळी फुले, गौरींच्या दिवसांत तेरडा, मग बांधावर कुर्डूचे तुरे, माघ-फाल्गुनात पळस नि सावर, वैशाखात ताम्हण. पूर्वी हे सारे मी 'निसर्गसौंदर्य' या एका शब्दात गुंडाळून विद्यार्थ्यांना शिकवीत असे. आता पुढच्या रविवारी काय फुलेल, याची मी उधारी वसूल करणाऱ्यासारखी वाट पाहू लागले.

कुंडलिकेनेही एक गोष्ट शिकवली. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते आणि पुढे या नदीला मिळते. ते वीजघर १९२७ पासून चालू आहे. त्यामुळे भर उन्हाळ्यातही कुंडलिका वाहती असते. खालून रेवदंड्याच्या खाडीची भरती रोह्याच्या बाजूला चढते. लहानपणापासून पाहिलेली नदी मला संथच वाटे. पण घाटाच्या पायरीवर कॅमेरा टेकवून शटर पूर्ण एक सेकंद उघडे ठेवले, तेव्हा पाण्यावरच्या फेसाच्या आणि पानांच्या रेघा उमटल्या, आणि नदी कुठे ओढते आहे, कुठे वळते आहे, ते दिसू लागले. डोळ्यांना जे दिसत नव्हते ते हललेल्या फोटोने दाखवले.

रानात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या बाईकडे लोक संशयाने पाहतात, हे मात्र खरे. रायगडात सध्या बांधावर उभे राहून फोटो काढणारा म्हणजे जमिनीचा दलाल किंवा मोजणीवाला! आषाढात लावणी चालली असताना एका आजींनी कंबर सरळ करून विचारलेच, "काय गो बाय, जागा बघायला आलीस?" मी म्हटले, "नाही हो आजी, पाण्यातलं आभाळ बघायला आले." त्या हसल्या. वेडी असावी, असे त्यांना वाटले असणार.

मी खाचरातल्या पाण्यात पडलेले टेकडीचे नि ढगांचे प्रतिबिंब टिपत होते. असा फोटो उलटा धरला की पाणी हेच आभाळ होते, आणि भाताची रोपे ढगांतून खाली लोंबू लागतात. मला ती मोठी नवी कल्पना वाटत होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी तो फोटो आजींना दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाल्या, "यात नवं काय गो? लावणीला वाकलं का दिवसभर असंच दिसतं."

मी गप्प झाले. जे मला कॅमेरा फिरवून फिरवून सापडले होते, ते त्या बाईला वाकलेल्या पाठीने पन्नास पावसाळे दिसत होते. ओळखीच्या कसोटीवर माझा फोटो उतरला, पण त्याचे श्रेय माझे नव्हते. तेव्हापासून मी शेतात विचारल्याशिवाय पाऊल ठेवत नाही, आणि फोटोची एक प्रत त्या शेताच्या मालकाला नेऊन देते.

सावरीचा फोटो जमायला मात्र फाल्गुन उजाडला. घाटाजवळच्या सावरीभोवती मी गोल फिरले, बारा ठिकाणांहून बारा फोटो घेतले आणि एकावर एक चढवले. खोड मध्यभागी राहिले, फांद्या धुरासारख्या झाल्या, आणि साऱ्या झाडाभोवती तांबडा झगझगाट पसरला. एकाही फुलाची पाकळी ओळखू येत नव्हती. अण्णांनी प्रत हातात घेतली, थोडी उजवीकडे सरकवली, मान तिरकी केली. "घाटावरची सावर," ते म्हणाले. क्षणभर थांबून पुन्हा म्हणाले, "पण फोटो हललाय हो!" आम्ही दोघेही हसलो. किती दिवसांनी ते!

तरीही मला रुखरुख होती, की काढणारी मी आणि पाहणारे ते. ज्या माणसाने आयुष्यभर कॅमेरा धरला, त्याला नुसते प्रेक्षक कसे करावे? उत्तर मिळाले ते कॅमेऱ्याशिवायच्या छायाचित्रात. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने निळ्या छपाईची रीत शोधली. इमारतींचे निळे आराखडे पुढे याच रीतीने निघत. १८४३ मध्ये अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रशैवाले अशाच कागदांवर ठेवून त्यांचे ठसे घेतले आणि त्यांचे पुस्तक करायला घेतले. फोटोंनी सजलेले ते पहिले पुस्तक मानले जाते.

यासाठी फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड या दोन रसायनांची पाण्यातली द्रावणे समप्रमाणात मिसळून मंद उजेडात जाड कागदाला लावायची आणि कागद अंधारात वाळवायचा. हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत, लहान मुलांना रसायनांपासून दूर ठेवावे. वाळलेल्या कागदावर पान ठेवून वर काच दाबायची आणि दहा-पंधरा मिनिटे कडक उन्हात ठेवायचे. मग साध्या पाण्यात धुवायचे. ऊन लागलेला भाग गर्द निळा होतो, पानाची जागा पांढरी राहते.

यंदा पाऊस ओसरल्यावर मी वाटेवर गळून पडलेली पाने गोळा करून आणली. अण्णा गच्चीत बसले. एकेक पान बोटांनी चाचपून ते सांगू लागले : हा आपटा, दोन भाग जोडलेले आहेत, हा पिंपळ, टोक बघ, हा पळस, खरखरीत. एक पान चुरगाळून त्यांनी नाकाशी नेले आणि म्हणाले, "भांबुर्डी! या थंडीत पोपटी लावायला हवी." सी. डी. देशमुखांचे बालपण रोह्यात गेले आणि रिझर्व्ह बँकेचा हा पहिला भारतीय गव्हर्नर केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे बक्षीस मिळवून आला होता, ही त्यांची आवडती गोष्ट त्यांनी पुन्हा एकदा सांगितली. बोलता बोलता पाने कागदावर मांडली. कुठले कुठे ठेवायचे ते त्यांनीच बोटांनी मोजून ठरवले. मी फक्त काच धरली.

कागद धुतला तेव्हा निळ्यावर पांढरी पाने इतकी ठसठशीत उमटली, की अण्णांना कडेने का होईना, ती दिसली. स्वतः काढलेला फोटो त्यांनी कितीतरी वर्षांनी पाहिला.

दिवाळीच्या सुटीत आपण गावी गेलात, तर भातकापणी चालू असेल, पहाटे धुके असेल. मुलांना घेऊन एकच वाट निवडा आणि रोज त्याच वाटेने जा. फुले तोडू नका, फोटो हलला तर रागावू नका. घरात कुणी वडीलधारे असतील, ज्यांना आता येता येत नाही, त्यांना परत आल्यावर फोटो दाखवा आणि विचारा : ओळखू येते का?

त्या संध्याकाळी मी बिस्किटांच्या डब्यातला तो आईचा फोटो बाहेर काढला. अण्णांना तो नीट दिसणार नाही हे ठाऊक होते, म्हणून त्यात काय आहे ते सांगितले : घाटाची पायरी, आई, आणि तिच्या पदरावर फुललेली सावर. मागे काय लिहिले आहे तेही वाचून दाखवले. अण्णांनी फोटो हातात घेतला, उलटा केला आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवीत बसले.

मग म्हणाले, "घरात खोडरबर आहे का गं?"