सीमेवरील शेतकरी आणि सरकारी अनुदान

हैदराबादेतील नल्लकुंटा, बरकतपुरा, काचीगुडा या भागांत मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. अशा एखाद्या कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन नांदेडकडे असते, तर एखाद्याची मुधोळ भागात. १९५६ पूर्वी हा सारा मुलूख हैदराबाद राज्याच्या एकाच नांदेड जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि मुधोळ तालुका आंध्र प्रदेशात गेला. उरलेला जिल्हा मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. माती तीच राहिली, गोदावरी तीच राहिली. खजिने मात्र दोन झाले.

या दोन खजिन्यांतील अंतर २०१८ साली ठळकपणे दिसले. त्या वर्षी तेलंगणाने ‘रयतु बंधु’ योजनेखाली जमीनधारकास दर हंगामाला एकरी ४,००० रुपये देण्यास आरंभ केला. शेतीला चोवीस तास मोफत वीज मिळू लागली आणि ५ लाख रुपयांचा शेतकरी आयुर्विमाही आला. तेव्हा नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यातील अनेक गावांच्या सरपंचांनी आपली गावे तेलंगणात घ्यावीत, अशी मागणी केली. ज्या सीमा भाषेसाठी आखल्या गेल्या, त्या अनुदानासाठी पुसाव्यात असे मराठी गावांना वाटावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

पुढे केंद्र सरकारची सन्मान निधी योजना आली. तीत वर्षाला ६,००० रुपये दोन्ही राज्यांत सारखेच मिळू लागले. महाराष्ट्राने २०२३ साली त्यात स्वतःच्या ६,००० रुपयांची भर घातली. तेलंगणाने २०२५ साली आपला दर एकरी वार्षिक १२,००० रुपये केला. या दरांनी हिशेब केला, तर एका एकराच्या धन्यास अलीकडे १२,००० व पलीकडे १८,००० रुपये पडतात. पाच एकरांच्या धन्यास अलीकडे १२,००० च, परंतु पलीकडे ६६,००० रुपये. एकीकडे कुटुंबाला मान आहे, दुसरीकडे एकराला.

मग अन्याय कोणावर झाला? प्रत्येक राज्याने आपला महसूल आपल्या लोकांवर खर्च करावा, यात गैर काही नाही. शिवाय एकरी रोख रक्कम पिकावर अवलंबून नसल्याने शेजाऱ्याच्या मालाचा भाव तिच्यामुळे सहसा पडत नाही. १९९५ सालच्या जागतिक व्यापार संघटनेच्या कृषिकरारानेही उत्पादनाशी निगडित नसलेल्या मदतीस याच कारणाने मोकळीक दिली आहे. धानाच्या क्विंटलमागे दिल्या जाणाऱ्या बोनसाची गोष्ट निराळी. तो एका राज्यात मिळू लागला की शेजारचे धान सीमा ओलांडून येऊ पाहते आणि मग नाके बसवावे लागतात.

युरोपातही हा प्रश्न उभा राहिला होता. २००४ साली दहा नवे देश युरोपीय संघात आले, तेव्हा त्यांच्या शेतकऱ्यांना जुन्या सभासदांच्या तुलनेत आरंभी २५ टक्केच थेट अनुदान ठरले. पोलंडच्या शेतकऱ्याला ते सलले. पण तेथे निदान नियम समाईक होता आणि अंतर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे वेळापत्रकही होते. आपल्याकडे गोदावरीच्या पाण्यासाठी तसा नियम आहे. धर्माबादजवळील बाभळी बंधाऱ्याची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवावीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ सालच्या निकालाने ठरले. अनुदानाच्या बाबतीत दोन राज्यांनी एकत्र बसून काही ठरवावे, अशी जागाच नाही.

तथापि सर्वांत मोठी तफावत सीमेच्या दोन बाजूंत नसून एकाच बांधावर आहे. ‘रयतु बंधु’चे पैसे सातबाऱ्यासारख्या पट्ट्यावरील नावाला मिळत, कसणाऱ्या बटईदाराला मिळत नसत. मुधोळकडील जमीन बटईने देऊन नल्लकुंट्यात राहणाऱ्या धन्याच्या खात्यात ती रक्कम येई. बी, खत आणि पावसाची जोखीम मात्र बटईदाराची. महाराष्ट्रातही सन्मान निधीची वाट सातबाऱ्यावरूनच जाते.

म्हणून शेजारच्या राज्याशी केवळ दराची बरोबरी मागणे पुरेसे नाही. केंद्राच्या निधीसारखा किमान आधार सर्वत्र समान असावा, भावात ढवळाढवळ करणारी मदत शेजाऱ्याशी विचारविनिमय करून द्यावी, आणि पैसा ज्याच्या हाती नांगर आहे त्याच्यापर्यंत पोहोचावा. यांतील शेवटची अट पुरी झाली नाही, तर सीमा कोठेही सरकवली तरी बटईदार जेथे आहे तेथेच राहील.