न्यायालय शहराचं, चाव्या कुणाकडे?

महापौर निवडला, नगरसेवक निवडले की स्वराज्य आलं, असं आपण धरून चालतो. आज एक अडचणीचं उदाहरण घेऊ : अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन.

या शहराला १९७३ च्या होमरूल कायद्याने निवडून आलेला महापौर आणि तेरा जणांची कौन्सिल मिळाली. (होमरूल म्हटलं की आपल्याला टिळक आणि बेझंटबाई आठवणार, ते साहजिक आहे.) पण त्याच कायद्यात एक कलम आहे : न्यायालयांची रचना आणि अधिकारक्षेत्र यांना कौन्सिलने हात लावायचा नाही. ही न्यायालयं काँग्रेसने १९७० च्या कायद्याने घडवली, आणि किल्ल्या स्वतःकडेच ठेवल्या.

न्यायाधीश नेमतात कसा? सात जणांचा आयोग आहे. त्यात महापौरांचे दोन, कौन्सिलचा एक, वकील संघटनेचे दोन, राष्ट्राध्यक्षांचा एक आणि संघीय न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांचा एक. आयोग तीन नावं देतो, राष्ट्राध्यक्ष एक उचलतात, सेनेट मान्यता देते. मुदत १५ वर्षांची. आता बघा, त्या सेनेटमध्ये या शहराचा एकही सदस्य नाही! जागा महिनोन्‌महिने रिकामी राहिली तरी कुठल्याच सेनेटरचं मत कमी होत नाही. खटला मात्र इथल्या भाडेकरूचा, इथल्या घटस्फोटितेचा तुंबतो.

फिर्यादीचंही तेच. प्रौढांवरचे गंभीर गुन्ह्यांचे खटले केंद्राने नेमलेला वकील चालवतो. शहराचा ॲटर्नी जनरल २०१४ पासून लोक निवडतात, पण त्याच्या वाट्याला मुख्यतः बालगुन्हेगारांचे आणि काही किरकोळ खटले. १९९७ मध्ये शहराची तिजोरी डबघाईला आली असताना न्यायालयांचा खर्चही केंद्राने उचलला. शहराचा भार हलका झाला, हे नाकारू नये. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी.

यावर कुणी म्हणेल, स्वतःच्याच खटल्यात कुणी न्यायाधीश असू नये. मग महापौरापासून न्यायालय लांब असलेलंच बरं. मान्य. आपल्याकडेही ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात १८ विषय दिले, त्यांत न्यायालय नाही. पण पुणेकर आमदार आणि खासदार निवडतो; कायदा करणाऱ्या सभागृहात त्याचा माणूस बसतो. न्यायाधीश महापौरापासून लांब असणं वेगळं आणि नागरिकापासून लांब असणं वेगळं. या दोहोंत आपण फार गल्लत करतो.

शहराच्या कौन्सिलने जुनी फौजदारी संहिता नव्याने लिहिली. महापौरांना ती पसंत नव्हती, त्यांनी नकाराधिकार वापरला. कौन्सिलने तो बहुमताने फिरवला. कोण बरोबर होतं ते बाजूला ठेवू. भांडण घरातलं होतं, घरातल्याच नियमांनी चाललं होतं. मग काँग्रेसने ती संहिताच रद्द केली, आणि मार्च २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी त्यावर सही केली.