सामना खेळला, पण धरला का?

नव्वदाव्या मिनिटाला बदली खेळाडू उतरला, चेंडूला त्याचा पायही लागला नाही, तरी त्याच्या नावावर एक आंतरराष्ट्रीय सामना चढतो. बाकावर बसून राहिलेल्याच्या नावावर काहीच नाही. नोंद ठेवणाऱ्याचं काम इथवर सोपं असतं. सामन्याचा अहवाल घ्यायचा, सुरुवातीच्या अकरा नावांवर खुणा करायच्या, मग बदलीचं मिनिट आणि जर्सीचा क्रमांक ताडून पाहायचा.

भांडण होतं ते मुळात हा सामना धरायचा का, यावर.

26 मे 2014 रोजी बेल्जियमने लक्झेंबर्गला 5-1 असं हरवलं. रोमेलु लुकाकूने तीन गोल मारले. पण तेव्हा मैत्रीपूर्ण सामन्यात सहाच बदल चालत आणि बेल्जियमने सात केले. फिफाने सामन्याचा दर्जाच काढला, लुकाकूचे तिन्ही गोल हिशेबातून गेले. मलेशियाच्या सोह चिन आन यांचे सामने कुणी 219 मोजतं. फिफाच्या लेखी ते 195.

आपल्या नेव्हिल डिसूझाचं काय? आसगावचा हा गोवेकर मुंबईच्या मैदानांवर खेळला. 1 डिसेंबर 1956 रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्याने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारत 4-2 जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमधला फ्रान्सविरुद्धचा पराभव पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना म्हणून धरला जातो, मेलबर्नबद्दल मात्र याद्यांचं एकमत नाही. भारतीय फुटबॉलची इतकी मोठी दुपार अशी अधांतरी राहावी, हे मनाला लागतं.

भारताचा कर्णधार बायचुंग भुतियाचा 2009 च्या नेहरू चषकात शंभराव्या सामन्याबद्दल गौरव झाला. पण निव्वळ 'ए' दर्जाचे, म्हणजे दोन देशांच्या मुख्य संघांमधले, सामने मोजणाऱ्या याद्यांत त्याचं शतक भरत नाही. जानेवारी 2012 मधला त्याचा निरोपाचा सामना तर बायर्न म्युनिक या क्लबशी होता.

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या पोराला दहावीत क्रीडागुण हवे असतील तर कोणत्या पातळीवर खेळला याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. मग देशासाठी खेळलेल्यांचा हिशेब मोघम का? भारतीय फुटबॉल महासंघाने प्रत्येक खेळाडूची सामनावार यादी छापावी: तारीख, प्रतिस्पर्धी, खेळलेली मिनिटं. बायर्नपुढे 'क्लब', मेलबर्नपुढे 'ऑलिम्पिक' असा शेरा असला की बेरीज कुणालाही करून पाहता येईल.