फाल्गुनात झाडांशी जरा वाकडं वागा

थंडी सरली की बाल्कनीतल्या माळ्याला उत्साहाचं भरतं येतं. खत घाल, पाणी घाल, आणखी पाणी घाल! आपल्याकडचा वसंत मात्र निम्मी कामं कात्रीने आणि हात आखडूनच करून घेतो.

मोगऱ्याचंच बघा. त्याला फुलं येतात ती नव्या फुटव्यांवर, म्हणून संक्रांतीनंतर त्याचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात, शेजारच्या काकू "वाळवलात की हो!" म्हणून हळहळतात. हळहळू द्या. मग जुन्या फांद्या छाटायच्या, माती हलवून शेणखत द्यायचं आणि सढळ हाताने पाणी. उन्हाळा लागला की काकूच ओंजळ पुढे करतात. कळ्या मात्र पहाटे, मिटलेल्या असतानाच खुडा. संध्याकाळी त्या गजऱ्यात उमलतात.

बोगनवेलीची तर सगळी शोबाजीच. तो गुलाबी रंग फुलाचा नव्हेच, पानांचा! तीन कागदी पानांच्या मधोमध पांढुरक्या नळ्या दिसतात, ती खरी फुलं. मूळची ही दक्षिण अमेरिकेची, नाव मिळालं बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचं. 1766 साली निघालेल्या त्याच्या मोहिमेत झान बारे ही बाई पुरुषवेशात वनस्पतितज्ज्ञाची मदतनीस म्हणून गेली होती. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री तीच. आणि बोगनवेलीला रोज पाणी पाजलंत तर नुसता पाला वाढेल. माती वाळू द्या, मग बघा.

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं काही दिसलं तर आधी मुंग्या शोधा. पिठ्या ढेकूण झाडाचा रस पितो आणि गोड चिकटा सोडतो. मुंग्यांना तो इतका आवडतो की त्या या किडीची चक्क राखण करतात, तिला खायला आलेल्या ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणजे गोठा त्यांचा, चारा तुमचा! जुन्या टूथब्रशने कीड खरवडा, मग निंबोळी तेल फवारा. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून त्यात थोडं साबणाचं पाणी हवंच. फवारणी उन्हं उतरल्यावर, नाहीतर पानं करपतात. आणि हो, चहाचा चोथा धुऊनच कुंडीत टाका. साखर राहिली तर मुंग्यांना आमंत्रण तुम्हीच दिलेलं असतं.

तुळशीच्या मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडा. बी धरलं की तिची वाढ मंदावते.

पिंपळाची कोवळी पालवी तांबूस का? तिच्यात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं. कडक उन्हापासून ते कोवळ्या पानांना सांभाळतं, असं मानतात. त्याच पिंपळाखाली पडलेला पाचोळा जाळू नका हो! दोन बोटं जाडीचा थर कुंडीत पसरा, माती लवकर सुकत नाही.

सुट्टीत गावाला निघालात? मोठ्या कुंडीत छोटं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि पाण्याने भरा. भोवतीची माती जितकी तहानेली, तितकं पाणी झिरपतं. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही युक्ती नोंदलेली आहे. मडकं रंगवलेलं नको, छिद्रं बुजतात. तोंडावर ताटली मात्र ठेवा, नाहीतर परतल्यावर स्वागताला डास हजर!