कागदावरचं शेवळ

पावसाच्या तोंडावर मुरबाड-शहापूरच्या बाजारात शेवळाच्या जुड्या येतात. पानं नाहीत, नुसता तपकिरी-जांभळट कोंब. शेजारी आंबट काकडांचा वाटा. काकड किंवा चिंच घातल्याशिवाय शेवळ कुणी शिजवत नाही, नाहीतर घसा खवखवतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे स्फटिक असतात.

भाजीला ही जुडी उत्तम, पण वनस्पतिसंग्रहाला निरुपयोगी. कुठल्या डोंगरावरून, कुठल्या दिवशी आणली, हे जुडी सांगत नाही. संग्रहातला नमुना म्हणजे साधारण 42 बाय 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर वाळवलेली वनस्पती आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात तिची चिठ्ठी. चिठ्ठी नसेल तर ते वाळकं गवतच.

मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस धर्मगुरूने 1906 साली असा संग्रह सुरू केला. असल्या चिठ्ठ्यांवरच्या तारखांना केवढं मोल येतं, ते बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये दिसलं. तिथले जुने नमुने तपासून 2004 मध्ये संशोधकांनी दाखवलं की 1900 ते 1920 च्या मानाने 1980 ते 2002 या काळात झाडं सरासरी आठ दिवस आधी फुलत होती. पावसाच्या चाहुलीवर उगवणाऱ्या आपल्या शेवळाची अशी नोंद वर्षानुवर्षं, जागच्या जागी व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. दुर्मीळ झाड जो तो टिपतो. बाजारात ढिगाने मिळणारी भाजी राहून जाते.

जागाही नेमकी हवी. जुन्या चिठ्ठीवर नुसतं 'ठाणे जिल्हा' असेल, तर 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाल्यापासून तो नमुना आज कोणत्या जिल्ह्याचा, हेही ठरवता येत नाही. माहुलीचा पायथा की माळशेजची उतरण, ते हवं. वाडीचं नाव हवं.

शेवळ वाळवायला चिकाटी लागते. मांसल दांडा उभा चिरून रद्दीच्या घड्यांत ठेवायचा, वर वजन. पावसाळी हवेत रोज कागद बदलायचे. एक दिवस चुकला की बुरशी धरते. एवढं करून नमुना अर्धाच, कारण पान फुलोऱ्यानंतर येतं. म्हणून फुलोरा कापून कंद मातीतच ठेवायचा, दगड रचून खूण करायची, वाडीतल्या कुणाला तरी ती दाखवून ठेवायची. श्रावणात पुन्हा जायचं. तेव्हा तिथे छत्रीसारखं पसरलेलं, फाटाफाटांचं एकच हिरवं पान उभं असतं. तेही वाळून त्याच कागदावर चढतं, स्वतःच्या तारखेसह.